कितवा आठवडा? ॲपमधलं कुमक्वाट आणि आमची सुपारी

रातांबा | २३ जून

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला बसले. पहिल्यांदाच दिवस गेलेत, दहा आठवडे झाले. देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या पुढे राहते, सासूबाई आणि मी. नवरा मुंबईला, महिन्यातून एकदा तुतारी एक्स्प्रेसने येतो. मी इथल्या पतसंस्थेत खाती सांभाळते, त्यामुळे आकड्यांची खोड आहे, सांभाळून घ्या.

नवऱ्याने त्याच्या आणि माझ्या फोनवर एकच ॲप टाकलंय. शेवटच्या पाळीची तारीख घातली (माझी १२ एप्रिल) की दर आठवड्याला बाळ केवढं झालं ते सांगतं. सातव्याला ब्लूबेरी, आठव्याला रास्पबेरी. परवा म्हणालं, कुमक्वाट. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणता गो तुजो मोबाईल?" मी सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला आणि परत विचारलं. मी परत सांगितलं. "ह्या खयच्या देवाचा नाव?" म्हणाल्या.

मग काल कामं उरकून आम्ही दोघी शाळेची पट्टी घेऊन ओट्यावर बसलो. ॲपमध्ये फळाखाली मिलिमीटर दिलेले असतात, ते धरून आपली यादी केली. पाचव्या आठवड्यात मोहरी. सहाव्यात तुरीचा दाणा. सातव्यात काळा वाटाणा, एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. आठव्याला दीड सेंटिमीटर लागतं, तिथे करवंद बसलं (फ्रीजमधलं शेवटचं वापरलं). नववा जांभूळ. दहावा सालासकट काजूची बी, बरोबर तीन सेंटिमीटरच्या पुढे. अकरावा रातांबा. बारावा सोललेली नाही, असोली सुपारी, साडेपाच सेंटिमीटर.

पुढचं तुम्ही सुचवा. आणि एक खरा प्रश्न. ॲप प्रसूतीची तारीख १७ जानेवारी सांगतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी कार्डावर १९ जानेवारी लिहिली. सासूबाई बोटांच्या पेरांवर मोजून २१ म्हणतात. कोणाचं धरायचं?

खाडीकाठ | २३ जून

असोली सुपारी! कोणीतरी लिहायलाच हवं होतं हे. माझ्या वेळी दर आठवड्याला ॲव्होकाडो, आर्टिचोक असलं काय काय यायचं, आणि मी मालवणच्या बाजारात उभी राहून त्याचा फोटो भाजीवालीला दाखवला होता. तिने तोंडल्याकडे बोट केलं.

चौदाव्याला रायवळ आंबा घाला. हापूस नको, हापूस पुढे लागेल.

पाखाडी | २४ जून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, चिपळूणला असते. तिन्ही तारखा कशा आल्या ते सांगते, कारण तिघांपैकी कोणीही चुकलेलं नाही.

ॲप सरळ २८० दिवस मोजतं, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. १२ एप्रिल अधिक २८० म्हणजे १७ जानेवारी. सिस्टरनी नऊ महिने अधिक सात दिवस केले. हा हिशोब नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखला जातो, एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि कागदावर करायला सोपा म्हणून टिकलाय. महिने तीस-एकतीसचे असल्याने दोन दिवस सरकतात. आणि तुमच्या सासूबाईंनी आपलं जुनं 'नऊ महिने नऊ दिवस' केलं. बघा, जर्मन डॉक्टर आणि आपल्या आज्या यांच्यात फक्त दोन दिवसांचा फरक!

यात एक गोष्ट सगळ्याच पहिलटकरणींना चमत्कारिक वाटते. पहिले दोन आठवडे बाळ नसतंच. मोजणी पाळीपासून, पण गर्भ राहतो तो साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे ॲप दहा म्हणतं तेव्हा बाळाचं खरं वय आठ आठवडे.

पण हे सगळं पाळी २८ दिवसांची असेल तर. तुमची किती दिवसांनी येते?

रातांबा | २४ जून

३६-३७. कधी ४०. हे सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. कोणी विचारलंही नाही.

पाखाडी | २४ जून

मग तिन्ही तारखा पेन्सिलने लिहा. पाळी लांबणारी असेल तर बीज उशिरा सुटतं, गर्भ उशिरा राहतो. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, ती तारीख जास्त भरवशाची. तेव्हा शाई वापरा.

सातूचं_पीठ | २५ जून

माझा एकविसावा चालू आहे, ॲप तेच. मला एक कळत नाही. विसाव्या आठवड्यात बाळ एकदम १६ सेंटिमीटरवरून २५ वर गेलं. एका आठवड्यात नऊ सेंटिमीटर? मी नवऱ्याला म्हटलं, आपलं बाळ म्हणजे बांबूचा कोंब आहे.

पाखाडी | २५ जून

:-) बाळ तेवढंच आहे, पट्टी बदलली. सुरुवातीला पाय दुमडलेले असतात, म्हणून डोकं ते कुल्ले मोजतात. विसाव्याच्या सुमारास ॲपवाले डोकं ते टाच असं मोजायला लागतात आणि सांगायला विसरतात.

रातांबा | ८ जुलै

आज कणकवलीहून आले तेव्हापासून डोकं धरून बसले होते, आता लिहिते. जरा लांबेल.

सोनोग्राफी होती, गळ्यामागची जाडी मोजतात ती. ॲपप्रमाणे बारा आठवडे तीन दिवस. सकाळी सातची एसटी. पाऊस असा की नांदगावच्या अलीकडे ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली. पोट फुगेपर्यंत पाणी पिऊन अडीच तास बाकावर. आत गेल्यावर सेंटरमधल्यांनी मशीन फिरवलं, दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "बाळ लहान आहे. आठ दिवसांनी या." बस. मी विचारलं, लहान म्हणजे? "तारखेपेक्षा लहान. आज होणार नाही. पुढचा नंबर घ्या." ७५ सेकंद लागले असतील.

येताना एसटीत खिडकी बंद होत नव्हती, पाणी आत येत होतं, मी तशीच बसून राहिले. शेजारच्या बाईंनी न विचारता त्यांची छत्री आतल्या आत उघडून माझ्या अंगावर धरली. घरी आल्यावर सासूबाईंना काय सांगायचं कळेना. सुपारी म्हणत होतो आणि रातांबाच निघाला, एवढंच म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. पेज वाढली.

रिपोर्टवर लिहिलंय: लांबी ४३ मिमी, ११ आठवडे १ दिवस, ठोके आहेत, १६४. बाळ वाढत नाहीये का?

पाखाडी | ८ जुलै

वाढतंय. छान वाढतंय. तुम्हाला हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, त्याला अर्धा मिनिट लागला असता.

आता तुमच्याच खात्यातला हिशोब. ॲप: १२ आठवडे ३ दिवस. मशीन: ११ आठवडे १ दिवस. फरक नऊ दिवसांचा. तुमची पाळी ३७ दिवसांची, म्हणजे २८ पेक्षा नऊ दिवस जास्त. जुळलं? बाळ मागे नाही. बाळ नऊ दिवस उशिरा राहिलं, एवढंच. या टप्प्यावर सात दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला तर तारीख सोनोग्राफीप्रमाणे बदलतात. तुमची नवी तारीख १७ अधिक ९, म्हणजे २६ जानेवारी.

आणि 'आज होणार नाही' याचं कारण: ती गळ्यामागची जाडी मोजायला बाळ किमान ४५ मिमी लागतं, ८४ च्या वर गेलं की परत मोजता येत नाही. तुमचं ४३. दोन मिलिमीटरसाठी परत पाठवलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर, वागणुकीच्या दृष्टीने काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

ॲपमध्ये तारीख बदलून घ्या. नाहीतर पुढे दर आठवड्याला ते नऊ दिवस पुढचं सांगेल आणि तुम्ही दर आठवड्याला रडाल.

मालवणी_मावशी | ८ जुलै

अगो बाय, घाबरा नको. आमच्या येळार खयचा ॲप आणि खयची सोनोग्राफी. सुईण येय, पोटार हात फिरवी आणि सांगी, टकली खाली इली. माझ्या थोरल्याक नव म्हयने नव दिवस सांगल्यानी, तो धा दिवस उशिरान इलो. आता मुंबयत वकील आसा, अजून सगळीकडे उशिरानच जाता.

खाडीकाठ | ९ जुलै

२६ जानेवारी! शाळेत दरवर्षी फुकट झेंडावंदन आणि जिलेबी. 

रातांबा | १६ जुलै

झालं. ५७ मिमी. जाडी नॉर्मल. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. हात दिसला. वर उचललेला, जसा एसटी थांबवायला करतात तसा.

सुपारी झाली. तारीख बदलली. सासूबाईंनी मात्र स्वतःची २१ बदलायला नकार दिलाय.

चाकरमानी_०७ | १६ जुलै

मीच तो नवरा. कुमक्वाट मी गूगल करून बघितलं होतं, तेव्हा दिसायला बरं वाटलं. सुपारी मान्य.

रातांबा | १० ऑगस्ट

काल नऊ तारीख. आमच्या ग्रामीण रुग्णालयात दर महिन्याच्या नऊला गरोदर बायकांची तपासणी असते, मोफत, २०१६ पासून चालू आहे. रांगेत आम्ही पंचवीस-तीस जणी. प्रत्येकीच्या हातात ते माता-बाल कार्ड, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं, कारण पाऊस. 'कितवा?' म्हणून विचारतात एकमेकींना, आणि मी 'सोळावा' म्हटलं की बघत राहतात. बाकी सगळ्या महिन्यात मोजतात. चौथा म्हणायला शिकले.

हिमोग्लोबिन ९.६ आलं. दिवसाला लोहाच्या दोन गोळ्या दिल्यात. कॅल्शियम वेगळं. गोळी घेतली की मळमळतं. आणि आता बंदी उठलीय (कोकण किनाऱ्याबाहेरच्यांसाठी: यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते), घरात मासे यायला लागलेत. सगळे वेगळं सांगतात. एक म्हणतं बांगडा उष्ण, खाऊ नको. दुसरं म्हणतं मोरी खा, बाळंतिणीला चांगली. काय खाऊ?

आशाताई_गुहागर | १० ऑगस्ट

गोळीबद्दल मी सांगते, रोज हेच काम. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर तासाभराने घे, रात्री झोपताना घेतली तरी चालते. चहाबरोबर अजिबात नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियम आणि लोह एकत्र गिळू नको, दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर दोन्ही वाया. शौचाला काळी होईल, घाबरून गोळ्या परसात टाकू नको. हसू नका, टाकतात. माझ्या एका बाईच्या अबोलीच्या कुंडीत सापडल्या होत्या.

कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेवग्याची भाजी करतोच ना आपण, ती एकच दिवस का करायची? झाड दारात असतं आणि शेंगा तेवढ्या काढतो.

पाखाडी | १० ऑगस्ट

माशांचं: बांगडा खा. तारली, पेडवे खा. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी स्निग्धाम्लं त्यात भरपूर असतात, आणि लहान मासा असल्याने पारा कमी. समुद्रात लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि प्रत्येकाच्या अंगातला पारा वरच्याच्या अंगात साठत जातो. म्हणून मोरी, म्हणजे शार्क, या नऊ महिन्यांत नको. मोठी सुरमई कधीतरी एखादी तुकडी, रोज नाही. तिसऱ्या, कालवं नीट शिजवून. सुकट-सोड्यांत मीठ फार, रक्तदाब वाढलेल्यांनी हात आवरावा.

उष्ण-थंडाबद्दल मी वाद घालत नाही, माझ्या आईशीही घालत नाही. बांगडा खाऊन तिला सांगू नका, एवढाच माझा वैद्यकीय सल्ला.

खाडीकाठ | १० ऑगस्ट

मग विसाव्याला बांगडाच घाला की! डोकं ते टाच २५ सेंटिमीटर, चांगला भरलेला बांगडा तेवढाच असतो. आजवर फळं झाली, आता मासे.

रातांबा | १० ऑगस्ट

सासूबाईंना वाचून दाखवलं. "वजनाक हापूस, लांबीक बांगडो," म्हणाल्या. ३०० ग्रॅम. मोठा हापूस तेवढा भरतो. पास.

रातांबा | ८ सप्टेंबर

हललं!

काल गणपती बसले. गर्दी, मी पाटावर मागे. संध्याकाळच्या आरतीला झांजा सुरू झाल्या आणि बेंबीच्या खाली, डावीकडे, आतून कोणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. आधी वाटलं मोदकांनी पोटात गॅस. परत झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या हातातलं निरांजन तिरकं झालं आणि तूप नणंदेच्या साडीवर. तिला अजून खरं कारण सांगितलेलं नाही.

म्हणजे बाळाला आरती ऐकू आली ना?

पाखाडी | ८ सप्टेंबर

अभिनंदन! वाईट वाटून घेऊ नका, पण बहुधा नाही. कानाची आतली रचना आता तयार होत आलेली असते, पण आवाजाला बाळ ठरून प्रतिसाद देतं ते पंचविसाव्या आठवड्याच्या पुढे. काल तुम्ही बराच वेळ धावपळीनंतर स्वस्थ बसला होतात, म्हणून जाणवलं. पहिलटकरणीला अठरा ते वीसमध्ये जाणवतं, दुसरेपणी थोडं आधी, कारण तेव्हा ओळख असते.

मालवणी_मावशी | ८ सप्टेंबर

डॉक्टरनी कायव सांगांदेत. गणपतीक्च ऐकू इला.

सातूचं_पीठ | ९ सप्टेंबर

रातांबा, पोट टोकदार आहे की पसरट? इकडे म्हणतात टोकदार असेल तर

व्यवस्थापक | ९ सप्टेंबर

वरचा प्रतिसाद पुढे अर्धवट ठेवला आहे, त्याखालचे तीन काढले आहेत. मुलगा की मुलगी यावर अंदाज, लक्षणं, खुणा, काहीही या धाग्यावर चालणार नाही. गर्भलिंग सांगणं-विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि अंदाजांचे धागे कुठे जातात ते आम्ही बघितलेलं आहे.

सातूचं_पीठ | ९ सप्टेंबर

सॉरी. मी ३२ ला आहे आणि घरात दुसरं काही बोलतच नाहीत, त्या नादात.

रातांबा | १५ सप्टेंबर

मोठी सोनोग्राफी झाली. हृदयाचे चार कप्पे, मणका, किडन्या, ओठ, सगळं नीट. वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आहे असं लिहिलंय. २१ आठवडे म्हटल्यावर तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, बरोबर जुळतंय. एवढ्या एका वाक्यासाठी मी जुलैपासून थांबले होते.

नवरा मात्र आठवडाभर आधीच फोन करतो, आज गाजर झालं ना, आज वांगं झालं ना. त्याला सगळ्याचीच घाई.

आशाताई_गुहागर | १६ सप्टेंबर

वार पुढे असली की लाथा उशीसारख्या दबून येतात, पुढे घाबरू नको. आणि सोनोग्राफी दर महिन्याला लागत नाही. गर्भाशयाची उंची बेंबीपर्यंत आली की वीस आठवडे. चोविसाच्या पुढे टेपने मोजते मी, जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन इकडे तिकडे. पंधरा वर्षं तीच टेप आहे, शिंप्याकडची. तीन सेंटिमीटर चुकलं की पुढे पाठवते. 

रातांबा | ३ नोव्हेंबर

अठ्ठावीस. दोन सोललेले नारळ, किलोभर. डोळे उघडतात म्हणे आता. दिवाळीला नवरा आला, पोटाला कान लावून बसला, गालावर लाथ बसली. हिमोग्लोबिन १०.८. साखरेची चाचणी, ७५ ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी ११२, १४० च्या आत हवी ती आहे. ते ग्लुकोजचं पाणी प्यायचं सोडून बाकी सगळं सोपं होतं.

डोहाळजेवण बागेत झालं, कलमांखाली, बांगड्यांना (माशांना) बंदी होती.

रातांबा | ८ डिसेंबर, रात्री १०.५०

कोणी जागं आहे का? आज ३३ पूर्ण. दुपारपासून हालचाल कमी वाटतेय. रात्री जेवून डाव्या कुशीवर झोपून मोजलं, दोन तासांत सहा. वार पुढे आहे म्हणून असेल का? सासूबाई झोपल्यात.

सातूचं_पीठ | ८ डिसेंबर, रात्री १०.५४

गूळ खाऊन थंड पाणी पी, माझं त्याने लगेच हलायचं. आणि शेवटी शेवटी जागा कमी पडते म्हणून कमीच हलतं असं आमच्याकडे

पाखाडी | ८ डिसेंबर, रात्री १०.५८

नाही. शेवटी हालचालीची तऱ्हा बदलते, लाथांऐवजी लोळण जाणवते, पण संख्या कमी होत नाही. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर थांबायचं नाही. वार, गूळ, पाणी यावर सकाळी बोलू. सासूबाईंना उठवा, १०२ किंवा १०८ ला फोन करा, आणि शेजारी गाडी असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका, निघा. इथे उत्तर देऊ नका.

खाडीकाठ | ८ डिसेंबर, रात्री ११.२०

रातांबा?

खाडीकाठ | ९ डिसेंबर, पहाटे १२.४५

कोणाकडे तिचा नंबर आहे का?

मालवणी_मावशी | ९ डिसेंबर, पहाटे १.१०

देवाक दिवो लावलंय. जागी आसंय.

रातांबा | ९ डिसेंबर, पहाटे ३.३०

ठीक आहे. ठीक आहे. आता टाईप करता येतंय.

शेजारच्या दादांची ओम्नी, मागे अर्धी माशांची टोपली होती, तशीच. सासूबाई लुगड्यावर स्वेटर घालून पुढे. ग्रामीण रुग्णालयात पोटाला दोन पट्टे बांधले, एक ठोक्यांना, एक पोट आवळतंय का बघायला, आणि कागद सरकत बाहेर यायला लागला. ठोके १४०. वीस मिनिटं सपाट चालला कागद. सिस्टर म्हणाल्या झोपलं असेल, बाळं वीस ते चाळीस मिनिटं झोपतात. मग एकदम रेघ वर चढली, खाली आली, परत चढली. सिस्टरनी पेनाने त्या चढांवर टिक मारली. चार टिका. मी मोजल्या.

सकाळी सोनोग्राफीत पाणी बघणार आहेत. रात्र इथेच. सासूबाई बाकावर बसून विचारत होत्या, वजन केवढं असेल. मी म्हटलं दोन किलो धरा. "म्हणजे शहाळा," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

पाखाडी | ९ डिसेंबर, सकाळी ६.१५

उत्तम. आणि सगळ्या वाचणाऱ्यांना: सहा मोजून गेली आणि काही निघालं नाही, तर ती चक्कर वाया गेली असं कोणी म्हणू नये. मी रात्री तीनला उठून अशा पन्नास जणींना घरी पाठवायला तयार आहे.

रातांबा | ९ डिसेंबर, दुपार

पाणी पुरेसं, रक्तपुरवठा नीट, १९५० ग्रॅम. घरी. बांगड्यांचा वास येतोय अजून अंगाला.

रातांबा | १७ जानेवारी

पहिली तारीख आज गेली. काही नाही. पिशवी भरून दाराशी. सासूबाई २१ वर ठाम.

रातांबा | २१ जानेवारी

काही नाही. सासूबाई सकाळपासून माझ्याकडे बघतायत, जशी मीच धरून ठेवलीय.

खाडीकाठ | २१ जानेवारी

काढ्याबिढ्याच्या नादी लागू नका. ठरल्या दिवशी येणारी पोरं थोडीच.

चाकरमानी_०७ | २५ जानेवारी

मंडळी, २३ तारखेला पहाटे ४.१० ला झालं. नैसर्गिक. दोघं व्यवस्थित. २ किलो ८७० ग्रॅम, ४८ सेंटिमीटर. मी तुतारीत होतो, वैभववाडीला रेंज आली तेव्हा फोन लागला. ती सांगतेय तसं लिहितो, तिचा डावा हात बाळाखाली अडकलाय.

अंगावर पांढरं लोण्यासारखं होतं, आई लगेच पिठाने चोळून काढायला निघाली होती. सिस्टरनी अडवलं, म्हणाल्या ते त्वचेला राखणारं आहे, राहू द्या, आंघोळ दुसऱ्या दिवशी. आईने ऐकलं, पण तोंड केलं. वजनाला फणस म्हणत होतो, आमच्या बागेतल्या सगळ्यात बारक्या फणसाएवढं भरलं. लांबी दोन बांगडे, थोडी कमी. तारखेचं म्हणाल तर आई सांगते २१ ला तिला पोटात कळा दिसत होत्या, सुनेनेच सांगितलं नाही.

आणि एक कबुली. काल दुपारी मी बाळाला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि खिशातला फोन वाजला. ॲप. '४१ आठवडे पूर्ण! बाळ अजून आलं नाही का? डॉक्टरांशी बोला.' तिने माझ्याकडे बघितलं. जुलैमध्ये तारीख तिच्या फोनवर बदलली होती, माझ्यावर बदलायची राहून गेली होती.